टाकीवरच्या अक्षता

जळगाव,
आषाढ वद्य दशमी, १९८८

तीर्थरूप चुडामणभाऊंच्या चरणी धाकट्या कमलचा साष्टांग नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे सुखरूप आहोत, फक्त माझी दहाही बोटं रुपेरी झाली आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी निर्गुडीचा शेक देतात ना? (देत नसतील तर हे वाक्य त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका.)

धुळ्याला बदलून जाताना तुम्ही आमच्याकडे ठेवलेली मोटारसायकल बघायला नागपंचमीला पारोळ्याचे हिलाल पाटील येणार, "जरा पुसून ठेव," असं तुम्ही लिहिलंत. पुसली. पुसता पुसता टाकीचा उरलासुरला रंगही फडक्यावर आला. अशी गाडी पाटील कशाला घेतील, या काळजीने मला घास गोड लागेना. हे तर आठ दिवस दीपनगरला कामावर, आणि जाताना बजावून गेलेले की ब्रशला हात लावायचा नाही. (गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला मी रंगवलेल्या खुर्चीवर ते वाळण्याआधी बसले, त्याचा राग.)

शेजारच्या रहिमाबींचे मालक नासीरभाई लोखंडी कपाटं रंगवतात. त्यांनी मला कपाटांचा तो रुपेरी हॅमरटोन रंग दिला. काय गुणी रंग, भाऊ! वाळताना आपोआप हातोडीने ठोकल्यासारखी नक्षी उमटते आणि खालचे पोचे, ओरखडे सगळे पोटात घालतो. (असा स्वभाव एखाद्या नणंदेचा असता तर!) आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग तांबडा प्रायमर, मग एकच जाड हात. "उसके बाद छूना नहीं, भाभी," असं ते दोनदा म्हणाले.

तसाच एक हात दिला, आणि त्यानंतर ब्रश मी खरंच लावला नाही. पण नवं रूप आलेली वस्तू हळदीकुंकवाशिवाय कशी सोडायची? टाकीला बोटं टेकवली, हात जोडले, चिमूटभर अक्षता वाहिल्या. हळदीकुंकू रंगाने गिळलं. अक्षता मात्र जिथल्या तिथे रुतून बसल्या. रहिमाबी भिंतीवरून डोकावून म्हणतात, "या अल्ला, गाडी को देवी निकली क्या?" मी घाबरून देवासमोर पाच वाती लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सुईने एकेक दाणा टिपून काढला. काय सांगू, प्रत्येक दाण्याचा खळगा त्या नक्षीत असा मिसळून गेला की नासीरभाईंनाही सापडेना! माळीण वच्छलाबाई तर दारातच थबकली, "बठ्ठी गाडी चांदीनी शे का ओ बाई?" सगळी गाडीच चांदीची! मी नुसती हसले. देवाने दिलेला मान नाकारू नये.

एकदा उघडलेल्या डब्यात रंगावर साय धरते. फुकट कसा घालवायचा? म्हणून दोन्ही मडगार्ड, हेडलाइटची वाटी, साखळीचं झाकण, मग शिलाई मशीनचे पाय, ट्रंक, दळणाचा डबा, अशी नामस्मरण करत करत सगळी रंगवली. कानबाई घरी येईल तेव्हा तिलाही वाटेल, घर बदललं की काय. तेव्हा निश्चिंत असा. पाटील गाडी बघताक्षणी हो म्हणतील. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
कमल

ता. क. नामस्मरणात असा रंग चढला की नंबरच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पाट्याही रंगवून झाल्या. अक्षरं मला पाठ आहेत, आकडे नाहीत. बिननंबरी गाडी पाटील कशी घेतील? गाडीचं पुस्तक तुमच्याकडे आहे, उलट टपाली आकडे कळवा. नासीरभाई ब्रश धुऊन बसले आहेत.

ता. क. २ आकडे सरळ लिहू नका. मंगळवारी हे परत येतील, आणि माझी पत्रं तेच फोडून मोठ्याने वाचतात. "यंदा दारच्या झाडाला इतकी लिंबं लागली," असं लिहा, पण एकही कमीजास्त नको. धुळ्यात बसून मेहुणे हजारांनी लिंबं मोजतात, असं त्यांना वाटेल. वाटू द्या. आपल्या माहेराबद्दल त्यांचं मत याहून वाईट आहे.