प्रोसेसर ब्याण्णव डिग्री

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
कॉम्प्युटर पुन्हा आपोआप बंद. सात मिनिटांत. प्रोसेसर ब्याण्णव डिग्री. वय बारा वर्षं. माझं बासष्ट, आणि मी अजून एकदाही बंद पडलेलो नाही.
हिने जाहीर केलं : रविवारपर्यंत नीट चालला तर ठीक, नाहीतर भंगारात. त्या कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन येणार. रिटायर झाल्यापासून या घरात माझं म्हणून ते एवढंच टेबल उरलंय. मी हसून म्हटलं, रविवार कशाला, उद्याच बघ.
संकल्प : रिपेअरवाल्याला फोन करायचा नाही.

४ मार्च
कॅबिनेट उघडलं. पंख्यावर धुळीची गादी. ब्रशने साफ केली. शिंका सत्तावीस. मग हिने शिवलेलं झालरीचं कव्हर वरून खालपर्यंत ओढून घातलं. मागच्या महिन्यात धुतल्यापासून घट्ट बसतं. उत्तम. धूळ आत जायलाच नको.
चालू केला. सहा मिनिटं. स्वच्छतेची सवय व्हायला वेळ लागत असेल.

५ मार्च
समोर टेबल फॅन लावला. झालर काय सुंदर उडते! नऊ मिनिटं! म्हणजे पन्नास टक्के प्रगती. हिला बघायला बोलावलं. ती येईपर्यंत बंद.
ती म्हणाली, अहो, आधी ते कव्हर काढा. केवढा मोठेपणा! चार दिवस खपून शिवलंय बिचारीने. काढलं तर जीव तुटेल तिचा. नाही काढलं.

६ मार्च
मुलीचा फोन. तीही कव्हर कव्हर करत होती. आईने पढवलेलं दिसतंय.
खरं कारण व्हिडिओत सापडलं. प्रोसेसर आणि त्यावरचा हीटसिंक, यांच्यामधली पेस्ट सुकली की उष्णता आतच अडकते. पेस्ट आणली. उद्या चुटकीसरशी.

७ मार्च. ११.००
हीटसिंक निघेना. जोर लावला. निघाला. त्याला चिकटून प्रोसेसरही आला.
११.२०. व्हिडिओत असं नव्हतं. प्रोसेसरखाली शेकडो बारीक पिना. काही वाकल्यात. बाऊ करण्यासारखं नाही.
१२.१०. हिचा भुवयांचा चिमटा घेतला. एकोणीस पिना सरळ!
१२.१५. विसावी हातात आली.
१२.३०. जेवायला बोलावलं. भूक नाही म्हटलं.

८ मार्च
रिपेअरवाला आला. संकल्प मोडलेला नाही, फोन हिने केला.
त्याने पहिल्यांदा विचारलं, चालू असताना कव्हर असायचं का? मी अभिमानाने म्हटलं, बारा वर्षं, एक दिवस खंड नाही. तो म्हणाला, काका, मग हवा कुठून येणार? पेस्ट ठीक होती. प्रोसेसरही ठीक होता, काल सकाळपर्यंत. हा आता कुठे मिळत नाही.
हिने दोघांना चहा दिला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. कॉम्प्युटर मीच मोडला. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे.

९ मार्च, रविवार
कॉम्प्युटर भंगारात गेला. टेबलही गेलं. कोपऱ्यात शिलाई मशीन. शेजारी माझं स्टूल ठेवू का विचारलं. म्हणाली, पायात येईल.
जुनं कव्हर मशीनवर बरोब्बर बसलं.
शिवायला बसताना ती आधी ते काढून ठेवते.