तळहाताएवढं पातं

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्याबरोबर डोंगर हिंडलेली पोरं रडत आली, सर म्हणजे देवमाणूस, म्हणाली. मी मनात म्हटलं, घ्या तुमचा देवमाणूस, आम्हाला घरात तो कधी दिसलाच नाही.

लालबागच्या आपल्या खोलीत रविवारी तुमचा वर्ग भरायचा. परक्यांच्या पोरांना किती गोडीने सांगायचात! मिटणारा चाकू जंगलात नेऊ नका, जोर लावला की सांध्यात दगा देतो. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं. पातं तळहाताएवढं पुरे, त्याहून मोठं नुसतं मिरवायला. मूठ भडक रंगाची घ्या, गवतात पडला तर सापडेल. मी मोरीपाशी बांगडे साफ करत सगळं ऐकायचे. एकदा धीर करून म्हटलं, मलाही एक चाकू द्या, मीही येते. तुम्ही सगळ्यांदेखत हसलात आणि ओट्यावरची सुरी उचलून माझ्या हातात कोंबलीत. "हा घे तुझा चाकू. कांदे चीर, पोरं भुकेली आहेत." आई ओरडली, "अहो, खाली ठेवा ती! हातात सुरी कोण देता? झगडो लागतलो." लागलाच की. तुम्ही जाईपर्यंत मिटला नाही, आणि मिटवायला तुम्ही एक पाऊल पुढे आला नाहीत.

काल लेकीला घेऊन दादरला गेले. ती हिमालयात गिर्यारोहणाच्या कोर्सला निघालीय. दुकानदार करवतीचे दात असलेलं, पोकळ मुठीत होकायंत्र बसवलेलं एक धूड दाखवायला लागला. "भाऊ, हा पहिल्याच ओंडक्याला तुटेल," मी म्हटलं, आणि तळहाताएवढ्या पात्याचा, केशरी मुठीचा साधा चाकू निवडला. लेक म्हणाली, "आई, तुला एवढं कसं गं माहीत?" "कांदे चिरता चिरता कळलं," म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही. मुद्दामच.

घरी आल्यावर तिने हात पुढे केला. "दे ना, बघू." मी चाकू टेबलावर ठेवला. म्हटलं, "उचल तू." "काय गं आई, तूपण मानतेस हे?" ती हसायला लागली.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, बाबा. तरी तिने तो आपल्या हाताने उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.