चौतिसावा प्रश्न

प्रिय दादा,

आधी झाले ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी मुद्द्याभोवती घिरट्या घालत बसेन.

१. गेल्या वर्षीच्या भरती परीक्षेत तर्कशक्तीच्या पेपरातला चौतिसावा प्रश्न मी तयार केला होता.
२. तू त्याचे उत्तर 'ड' दिलेस. माझ्या उत्तरतालिकेत 'ब' होते.
३. तू एका गुणाने राहिलास. वयाच्या अटीमुळे ती तुझी शेवटची संधी होती.
४. निकालानंतर चौथ्या दिवशी तू घर सोडलेस.
५. गेल्या सोमवारी दुरुस्तीला आलेल्या मेस्त्रीने आईच्या लाँड्रीतले मशीन भिंतीपासून पुढे ओढले. मागे साबणाच्या पावडरीचा जुना डबा होता. त्यात दोऱ्याची त्रेसष्ट रिकामी रिळे होती.
६. 'ड' बरोबर होते.

माझी आधीची दोन पाकिटे न फोडता परत आली, म्हणून हे पत्र मेस्त्रीच्या हाती देते आहे. तू गोदामात ताडपत्र्या शिवतोस हे त्याच्याकडूनच कळले. तो म्हणाला, "ताई, तुमचा विषय काढला की तो पाणी आणायला उठतो. पण या वेळी मी पाणी पिऊनच जाईन." तो तुझ्यासमोर बसून राहणार आहे. तेव्हा वाच. निदान त्याची सुटका व्हावी म्हणून.

प्रश्न तुला पाठ असेल, तरी लिहिते. एका लाँड्रीत नवे मशीन आल्यापासून कपडे फाटल्याच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. म्हणून नवे मशीन जुन्यापेक्षा कपडे कमी फाडते. खालीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास या निष्कर्षाला सर्वाधिक बळ मिळते? 'ब' होते: धुवायला येणाऱ्या कपड्यांची संख्या कमी झालेली नाही. 'ड' होते: लाँड्रीतला शिवणाच्या दोऱ्याचा खप पूर्वीइतकाच आहे. चाळीस प्रश्न द्यायचे होते, एकोणचाळीस झाले होते, आणि मी आईच्या काउंटरवर डोके धरून बसले होते. समोर ते मशीन घरघरत होते. आईने आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न विचारता आणलेली वस्तू. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "हे आल्यापासून एक तक्रार नाही." मला आयता परिच्छेद मिळाला. 'ब' बरोबर, 'अ' आणि 'क' सरळ चुकीचे. चौथे विधान हवे होते, ऐकायला लाँड्रीचे पण मुद्द्याशी संबंध नसलेले. इस्त्रीच्या खोलीत दोऱ्याचा डबा दिसला. लिहून टाकले. अर्धे मिनिटही लागले नसेल. पेपरात तो चौतिसावा पडला.

परीक्षेच्या दिवशी तू जिन्यातूनच ओरडत आलास, "आई, तुझी लाँड्री पेपरात आली!" आई इतकी हसली की तिला बसावे लागले. तू माझ्याकडे पाहून म्हणालास, "कुणाच्या तरी डोक्यात आपलं दुकान बसलंय, काय गं फूटपट्टी?" मी ताट उचलून आत गेले. माझ्या कामाबद्दल घरी बोलायचे नसते, हे तुला माहीत होते. तू पुन्हा विचारले नाहीस. तुला तेव्हाच कळले होते ना? मला वाटते, कळले होते.

आता जे तुला माहीत नाही ते. प्रश्न काढणाऱ्याने लिहून द्यावे लागते की घरातले कोणी परीक्षेला बसलेले नाही. मी सही केली तेव्हा ते खरे होते. तू म्हणाला होतास, परीक्षा बास झाल्या आता. मग शेवटच्या दिवशी तू अर्ज भरलास आणि घरी येऊन पेढे वाटावेत तशा थाटात सांगितलेस. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळवायला हवे होते. कळवले असते तर माझे सगळे प्रश्न बाद झाले असते, आणि मला नोकरीत कायम होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मी गप्प बसले.

मग उत्तरतालिकेवर उमेदवारांच्या हरकती आल्या. आमच्याकडे त्या नाव झाकून येतात. चौतिसाव्यावर एकच होती, एकाच ओळीची: "दोऱ्याचा खप तेवढाच असेल, तर कोणी गुपचूप शिवून देत नाही, म्हणजे मशीनच चांगले." नाव झाकले होते, अक्षर नाही. तुझ्या 'श'ची गाठ मी चौथीपासून ओळखते, माझ्या वह्यांना नावे तूच घालायचास. दादा, मी ती ओळ नीट वाचलीच नाही. मला फक्त तुझे अक्षर दिसले, आणि उद्या कोणी म्हणेल की हिने भावाची हरकत मान्य केली, एवढेच सुचले. मी शेरा लिहिला: "उमेदवाराने परिच्छेदाबाहेरची माहिती गृहीत धरली आहे. हरकत अमान्य." खाली माझी सही आहे. ज्या भावाच्या जोरावर मी शाळेत उड्या मारल्या, त्याला मी सात मिनिटांत निकालात काढले.

निदान आकडे तरी बघायला हवे होते. ज्यांचे एकूण गुण सर्वांत जास्त, त्यांच्यातल्या दर पाचांत एकाने 'ड' निवडले होते. हुशार मुले एकाच 'चुकीच्या' उत्तराकडे वळली, तर दोष मुलांत नाही, प्रश्नात शोधायचा, हे नव्या मुलींना मीच शिकवते. तो तक्ता माझ्या टेबलावर होता. मी तो उलटा ठेवला.

तू गेल्यावर महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. शर्टाच्या बाह्या, उशीचे अभ्रे, एका परिचारिकेचा अख्खा गणवेश. आई म्हणायची, "मशीन म्हातारं झालं." मेस्त्रीने उघडून दाखवले, ड्रमच्या आत एका बाजूला पत्र्याची कड उचकटलेली. म्हणाला, "हे आजचं नाही ताई, जन्मखूण आहे ही. आलं तेव्हापासून फाडत असणार." आणि मागून तो डबा निघाला. पांढरी, निळी, खाकी, एक गुलाबीसुद्धा. तू दुकान उघडायच्या आधी तासभर जायचास, ते अभ्यासाला शांतता हवी म्हणून, असे मी समजत होते. तू आईच्या मशीनने फाडलेले शिवत होतास. परिच्छेदाबाहेरची माहिती! प्रश्न लिहिणारीला जे सुचले नाही, ते तुझ्या बोटांना ठाऊक होते. आणि तू ते फक्त ताडून पाहिलेस, विधान खरे मानून, नियमाप्रमाणे. तुझ्या ओळीत परिच्छेदाबाहेरचे एक अक्षर नव्हते.

मी डबा आईपुढे ठेवला. वाटले, तिला धक्का बसेल. तिने गुलाबी रीळ उचलले आणि म्हणाली, "दोरा काय झाडाला लागत होता? मीच आणून ठेवायचे." रीळ डब्यात परत ठेवून ती पुढे म्हणाली, "त्याला वाटायचं मला कळत नाही, मला वाटायचं त्याला कळू नये. छान चाललं होतं आमचं. तुला कसं गं नाही कळलं? एवढी शिकलीस!" तेव्हापासून तो डबा तिच्या उशाशी आहे. ती माझ्याशी बोलते, पण जेवायला वाढताना तुझे ताट आधी मांडते आणि मग उचलते. रोज.

मला माफ कर असे मी लिहिणार नाही. ते तुझ्यावर ओझे होईल. पत्र लिहायचे कारण वेगळे आहे. फेटाळलेल्या हरकतीवर वर्षभरात अपील करता येते, पण ज्याने हरकत घेतली त्यालाच, त्याच्या सहीने. तसे अपील आले तरच प्रश्नकर्तीचे म्हणणे ऐकतात. 'ड' ग्राह्य धरले की तुझा एक गुण वाढतो आणि तू पात्र ठरतोस. पात्रतेची रेषा आधीच ठरलेली आहे, ती हलत नाही. माझे निवेदन तयार आहे, ते अक्षर मी ओळखले होते, हेही त्यात लिहिले आहे. माझी नोकरी जाईल. हे उपकार म्हणून सांगत नाही, तुला नंतर दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगते. मुदत या महिन्याच्या वीस तारखेला संपते. एकवीसला उत्तरपत्रिका नष्ट करतात, मग सिद्ध करायला काहीच उरत नाही. काल मी तुझी सही गिरवून पाहिली. सातव्यांदा हुबेहूब जमली. मग कागद फाडला, कारण गप्प राहून एक सही मी आधीच खोटी करून बसले आहे. अर्ज सोबत आहे, भरलेला आहे, फुली केली आहे तिथे सही कर आणि मेस्त्रीच्या हाती दे. सही करायची नसेल तर तसे लिही, एका ओळीत, तुझ्या अक्षरात. या वेळी मी ती ओळ नीट वाचेन. पण उत्तर मला सोळा तारखेपर्यंत हवे.

तुझीच, तू मोजायला शिकवलेली,
फूटपट्टी