आजीच्या डाव्या हाताविषयी

गुनसान,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मोठ्या आत्या,

वाकून नमस्कार. वयाने आणि मानाने मी लहान. आपण होऊन तुम्हाला पत्र लिहिणे हे धारिष्ट्य आहे, हे जाणून आधीच क्षमा मागते. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझी वाक्ये अर्ध्यावर तुटतात. कागदावर ती निदान पूर्ण होतात.

आजीचे बरे आहे. सकाळी अर्धी वाटी पेज घेते, मुळ्याचे लोणचे बारीक चिरून मागते. मी परीक्षेत पहिली आल्याचे शेजारच्या बाईंना तिचे तिसऱ्यांदा सांगून झाले. थंडीत खालून तापवलेल्या जमिनीमुळे खोलीतली हवा कोरडी पडते, म्हणून मी आत ओले टॉवेल वाळत घालते. तिच्या हातांची कातडी इतकी पातळ आणि चुरगळलेली झाली आहे की चिमटीत धरली तर सोडल्यावरही तशीच उभी राहते. आजीची देखभाल करायला येणाऱ्या बोंग-ए मावशींनी शिकवले तसेच सारे करते: कोमट पाणी, न घासता टिपणे, अंग ओलसर असतानाच मलम, तेही लव झुकते त्या दिशेने. सुती मोजे कापून तिच्यासाठी बाह्या केल्या आहेत.

त्यांच्या जागी वृद्धसेवा केंद्राने पाठवलेल्या नव्या बाई मनाने चांगल्या आहेत. पण आजी त्यांना हात लावू देत नाही. "ती कुठे गेली? मला घासू न देणारी?" असे रोज विचारते. मी पुस्तकात डोके घालते. एकच पान चार दिवस उघडे आहे.

आत्या, शुक्रवारी केंद्रात मावशींची चौकशी आहे. त्यांनी आजीला ओरबाडले, असे तुमच्या तक्रारीत आहे. ते खरे धरले गेले, तर एकसष्टाव्या वर्षी त्यांना कोणी कुणाच्या घरी पाठवणार नाही.

ती जखम मी केली.

चांद्र नववर्षाच्या सणाच्या दोन दिवस आधी तुमचा फोन आला होता. "आईला स्वच्छ घासून ठेव गं, चारचौघं येणारेत," असे तुम्ही म्हणालात. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही; आपल्याकडे सणाआधी सगळेच असे म्हणतात. मावशींनी मात्र अंग घासायच्या खरखरीत घासणीला सक्त मनाई केली होती. "ही कातडी म्हणजे भिजलेला कागद आहे, पोरी. मळ राहिला तर राहू दे."

आजीला ते पटेना. "मळ निघाल्याशिवाय आंघोळ कसली? सणाच्या सकाळी तुझ्या आजोबांपुढे पितरांचं ताट मांडायचं, ते म्हणतील, म्हातारी शेतातून तशीच उठून आली!"

मावशी गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरवी घासणी आणली. आजीला कढत पाण्यात बसवले. पाठीवरून मळाच्या वळ्या निघू लागल्या, तशी ती खुलली. "अस्सं! पुस्तकं वाचून हातात जोर येतो म्हणायचा!" आत्या, तिने माझ्या हातांचे कौतुक पहिल्यांदाच केले होते. मी अधिक जोर लावला. डाव्या हातावर वळी निघाली असे मला वाटले. ती कातडी होती.

रक्त थोडेच आले. मी घाबरून चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढली. उरलेली कातडी तिच्याबरोबर निघाली.

सणाच्या सकाळी तुम्ही आजीची बाही वर केलीत, तेव्हा मी सुपाचे वाडगे घेऊन दारात उभी होते. "कोणी केलं हे? त्या बाईनं?" आजीने माझ्याकडे पाहिले. "आठवत नाही बाई," म्हणाली. तिला नातेवाइकांच्या मृत्यूच्या तिथ्या तोंडपाठ आहेत. तिला सगळे आठवत होते. मी वाडगी मांडत राहिले आणि तुम्ही केंद्राला फोन लावलात.

किल्ली परत द्यायला मावशी आल्या, तेव्हा न्हाणीघरात ती घासणी वाळत होती. त्यांनी ती पाहिली, मग मला पाहिले. मला वाटले, आता बोलतील. त्या एवढेच म्हणाल्या, "गॉझ सुकला असेल तर आधी भिजव. ओढू नकोस." त्यांनी केंद्रातही माझे नाव घेतलेले नाही. त्या रागावल्या असत्या, तर कदाचित मला झोप लागली असती.

काल आजीला सांगितले, की मी तुम्हाला कळवणार. ती म्हणाली, "गप्प बस. तुझी आत्या तुला इथून हलवील आणि मला त्या म्हाताऱ्यांच्या घरात टाकील." हीच भीती मलाही आहे. म्हणून तेरा दिवस गेले. पण आपले घर टिकावे म्हणून दुसऱ्या बाईचे नाव जाळायचे, हे मला आता पेलवत नाही.

तुम्ही ठरवाल ते मी ऐकेन. एका गोष्टीत मात्र तुमच्या परवानगीसाठी थांबले नाही. तुमचा फोन आला असता, तर मी पुन्हा गप्प बसले असते. म्हणून माझ्या सहीचा कबुलीजबाब आधी केंद्राच्या पत्त्यावर रवाना केला आणि मग हे पाकीट बंद केले.

तुमच्या रागास पात्र असलेली,
तुमची भाची
हे-रान

गुनसान टपाल कार्यालयात दिले: मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. केंद्राचे पाकीट: ९ वाजून ३५ मिनिटे.