ट्रंकेची न रंगवलेली बाजू

आई,

तू खंडाळ्याहून येशील तेव्हा मी सांगलीच्या गाडीत असेन, म्हणून चिठ्ठी.

शिलाईची खोली उघडली. किल्ली तू डाळीच्या डब्यात लपवलीस, हे ती आमटीत निघाली तेव्हाच कळलं होतं.

भिंतींना ट्रॉलीचा उरलेला निळा रंग दिलाय. खोली आता ऊस वाहायला तयार आहे. पडदा हळदीच्या पोत्यांचा आहे, पांढरं कापड लांब ठेव. कापड बेतायला आबांची फौजेतली ट्रंक विटांवर चढवली. घासताना रंगाच्या थरांत एकाखाली एक त्यांच्या बदल्यांची गावं निघाली. सगळ्यात खाली, वेड्यावाकड्या अक्षरांत, ‘सौ. शालन, लोणंद.’ म्हणजे पहिल्या बदलीला आबा स्वतःऐवजी तुझंच नाव घालून निघाले होते. ट्रंक हरवली असती, तर थेट तुझ्याकडंच आली असती.

ती बाजू रंगवली नाही. मशीनसमोर ठेवलीय.

आबा गेल्यापासून तू म्हणतेस, “आता कुणासाठी शिवायचं रं?” माझ्या हापिसच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या ब्लेडनं नीट उसवून ट्रंकेवर ठेवल्यात. रविवारी न्यायला येतो. सोमवारी तोच घालायचाय.

जयराज