चन्नबसप्पा सरांच्या काँप्युटरचा रोजनामचा

लातूर,
१२ फेब्रुवारी २००३

तीर्थरूप पंढरी मामांना बुद्धप्रियाचा सविनय जयभीम.

तुमची शुगर आणि सरजामामीचा गुडघा, दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. मामीनं धाडलेलं लोणचं पोचलं (खोलीतल्या पोरींना आधी पोचलं, मला नंतर). मी खुशाल आहे. नोकरी आहे का गेली, हे मात्र मलाच नीट कळलेलं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आमच्या क्लासचे मालक चन्नबसप्पा सर निलंग्याकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपापासून ते कुठंही गेले तरी दाराजवळची खुर्ची धरतात. क्लासमध्ये तर टेबलच दारात आहे, त्यामुळे प्रत्येक मुलाला आडवं होऊन आत यावं लागतं (सर त्याला शिस्त म्हणतात). अठराशे मुलांची हजेरी आणि मार्क एकाच काँप्युटरात आणि तो काँप्युटर माझ्या ताब्यात. लाइट गेली की तो जागच्या जागी बंद (बॅटरीचा डबा आहे, पण त्यावर सरांच्या केबिनचा पंखा चालतो), आणि लाइट आली की अख्खी डिस्क पहिल्यापासून तपासत बसतो. पाऊण तास! तेवढा वेळ पालक रांगेत आणि सर मॉनिटरवर हात ठेवून, ताप बघावा तसे उभे.

डिसेंबरात अशाच एका तपासणीनंतर चाकूरच्या बॅचमधली बावीस मुलं गायब झाली. मलप्पा नावाचे पालक लेकीचे, गुरम्माचे, मार्क विचारायला आले, तर यादीत नावच नाही. सर म्हणाले, "तुमची पोरगी आमच्याकडं न्हाई."

"न्हाई कशी? ही काय उभी हाय!"

सरांनी एकदा गुरम्माकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि पडद्यावर विश्वास ठेवला. कागदी हजेरीवरून ती बावीस मुलं परत जन्माला घालायला मला चार दिवस लागले. वर सरांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर आपल्या गावची, हदगावची बस धर."

मग मी सायबर कॅफेत बसून उपाय शोधला. त्याला जर्नल म्हणतात. तुम्ही पोलिसात जमादार होतात, तुम्हाला लगेच कळेल. ठाण्यातून निघण्याआधी तुम्ही रोजनामच्यात लिहायचात ना, अमुक वाजता अमुक गावी निघालो? माणूस परतला नाही तर तालुकाभर हिंडायचं कारण नाही, शेवटची नोंद बघायची. डिस्कचंही तसंच. काही बदलण्याआधी ती ते वहीत लिहून ठेवते, मग लाइट गेली तरी नुसतं शेवटचं पान वाचून उभी राहते. आणि ही वही चालू डिस्कला जोडता येते, आतलं काही पुसावं लागत नाही.

सर म्हणाले, "माणसं आत असताना पाया खोदायलीस का?" मी म्हटलं, आधी सगळ्याची नक्कल काढणार, डिस्क धडधाकट आहे का तपासणार, सगळ्यांचं काम थांबवणार, मगच हात लावणार. तरी त्यांनी समिती बसवली. फिजिक्सचे सर म्हणाले, यंत्र वही लिहीत बसलं तर काम कधी करणार? केमिस्ट्रीच्या सरांनी थोड्या नमुन्यावर प्रयोग करायला सांगितलं (तेवढंच शहाणं बोलणं झालं, आणि ते मी जुन्या डिस्कवर करूनही ठेवलं होतं). बायोलॉजीच्या सरांनी आणखी चहा सांगितला.

समितीचा निर्णय व्हायच्या आत पेपरात जाहिरात आली: 'मराठवाड्यातील पहिला जर्नलयुक्त क्लास'. पालक 'जर्नल बॅच' मागायला लागले. जर्नल कशाशी खातात हे कुणीच विचारलं नाही, सरांनीही नाही.

शनिवारी दुपारी मी काम केलं. नकला काढायला आणि तपासायला अडीच तास, वही जोडायला अर्धं मिनिट. सर शेजारी उभे होते, अर्थातच दाराकडे तोंड करून. "एवढंच? काही हाललं बी न्हाई!" न हालणं हीच त्यातली खुबी, हे त्यांना पटेना.

रविवारी तीनशे पालकांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. पडद्यावर गुणवत्ता यादी लावायची आणि सरांनी स्वतः प्लग ओढायचा. सुरू होण्याआधी ते माझ्या कानाशी आले. "आदर्शचे एक्केचाळीसचे एक्क्याण्णव करून टाक. बटण चुकलं असंल." आदर्श म्हणजे त्यांचा मुलगा. मामा, हदगावची बस डोळ्यापुढं दिसली. यादी उघडली, एक्क्याण्णव टाइप केले. तेवढ्यात सर माइकवर "आता बघा!" म्हणाले आणि प्लग ओढला.

प्लग परत लावला तसा काँप्युटर दोन मिनिटांत ठणठणीत उठला. यादी परत लावली. गुरम्मा अठ्ठ्याऐंशी. आदर्श एक्केचाळीस. टाइप केलेलं सेव्ह केल्याशिवाय डिस्कवर जात नसतं. रोजनामच्यानं डिस्क सांभाळली, आणि डिस्कवर जे खरं होतं तेच होतं. मग मलप्पा उठून मोठ्यानं म्हणाले, "सर, यंत्र लई इमानी हाय!"

सरांचा चेहरा क्षणभरच पडला. माइक ओढून म्हणाले, "बघा! आमच्याकडं पोटच्या लेकराला बी सवलत न्हाई!" टाळ्यांनी पत्रा दणाणला. सोमवारी प्रवेशाची रांग रस्त्यापर्यंत होती. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत आणि काढतही नाहीत. फक्त चिठ्ठी आली, 'जर्नल परत काढता येते का?' आदर्श मात्र पेपरमिंट देऊन गेला. "ताई, बरं झालं. एक्क्याण्णव पडले असते तर डॉक्टर व्हावं लागलं असतं."

मामीला जयभीम. गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांगा.

तुमची भाची,
बुद्धप्रिया

ता. क. : खरं काम राहिलंच. नांदेडच्या एका कॉलेजात काँप्युटर लॅबची जागा निघाली आहे. वर्तणुकीचा दाखला लागतो. निवृत्त जमादाराचा चालतो. उलट टपाली पाठवा.

ता. क. दुसरा : दाखल्यात प्रामाणिक लिहा, मेहनती लिहा. 'सांगितलेलं काम ताबडतोब करते' एवढं मात्र लिहू नका. सरांचा हात प्लगकडे जाताना मला दिसला होता, आणि सेव्हचं बटण माझ्या बोटाखालीच होतं.