येऊ दे

२ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. फाटकावर मोठ्या अक्षरांत 'ट्रकचालक प्रशि ण केंद्र' लिहिलंय. मधल्या 'क्ष'चा रंग उडालाय. जन्म टायपिंग शिकवण्यात गेल्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली. आत शिरल्या शिरल्या ऑफिसातल्या माणसाला तसं सांगितलंही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मुलाला भेटायला आलात का. म्हटलं, नाही हो, मीच शिकायला आलेय. बिचाऱ्याचा चहाच थांबला तोंडाशी.

क्लास बंद पडल्यावर सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता ही घरात बसून भाजी निवडेल. पण मला बसण्याचाच कंटाळा आला होता. इतकी वर्षं ज्या खुर्चीत बसले ती कुठे म्हणून गेली नाही. बसायचंच असेल तर पळणाऱ्या खुर्चीत बसावं, असं मी ह्यांना म्हटलं. हे आधी पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ह्या केंद्राचा पत्ता काढून आणला. माणूस असा आहे. निघताना बसच्या खिडकीपाशी उभे राहून बजावत होते, की घरी आल्यावर आमच्या गल्लीत ट्रक आणू नकोस, स्कूटर वळवतानाच तू दोन कुंड्या फोडल्या आहेस.

खोली लहान पण स्वच्छ आहे. दोन खाटा, दोन कपाटं, खिडकीतून थेट सरावाचं मैदान. दुसऱ्या खाटेवर एक नर्सबाई आहेत, नोकरी लवकर सोडून आलेल्या. म्हणाल्या, आजवर माणसं वाहिली, आता पोती वाहीन, पोती निदान घंटी वाजवून बोलवत नाहीत. आमचं जमणार.

३ नोव्हेंबर

केबिनमध्ये चढणं म्हणजे माळ्यावर चढणं. पहिल्यांदा चढले तेव्हा एक पाय पायरीवर, एक हवेत, आणि खाली नर्सबाई हसून लाल. पण वर बसल्यावर काय दिसतं! भिंतीपलीकडचा रस्ता, त्यापलीकडची घरं, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे. इतक्या उंचीवरून मी कधी काही चालवलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आनंदाचं.

शिकवणाऱ्यांना सगळे उस्ताद म्हणतात. वयानं माझ्याहून लहान, मला बाई म्हणतात. आज फक्त सरळ पुढे जायचं आणि थांबायचं. जमलं.

५ नोव्हेंबर

आज गाडी मागे घ्यायला शिकलो. मैदानाच्या टोकाला उतार आहे आणि उताराच्या तळाशी माल चढवायचा ओटा. त्या ओट्याला गाडीची पाठ नीट टेकवायची. परीक्षेत हेच विचारतात, आणि निम्मे जण इथेच आपटतात.

इतक्या लांब गाडीच्या पाठीमागचं आरशात दिसत नाही. म्हणून मागे एक माणूस उभा राहतो आणि ओरडून सांगतो. इथे ते काम मिस्त्री करतात, जे एरवी गाड्या दुरुस्त करतात. येऊ द्या बाई, येऊ द्या, येऊ द्या, आणि मग, बस! बस ऐकलं की पाय ब्रेकवर. उस्ताद म्हणाले, दिसत नाही तिथे आवाजावर भरवसा. कानानं ऐकायचं, पायानं करायचं, मध्ये डोकं लावायचं नाही.

मला हसूच आलं. मी सांगायचे मजकूर आणि मुली न बघता टाइप करायच्या, तेव्हा माझं शेवटचं वाक्य अगदी हेच असायचं. मध्ये डोकं लावायचं नाही. चांगल्या मुलींची बोटं इतकी तयार व्हायची की मी चुकून शिंकले तर त्याचंही काहीतरी टाइप व्हायचं. आता माझी पाळी.

८ नोव्हेंबर

माझा हात बसला. उस्तादांनी सगळ्यांसमोर सांगितलं की बाईंसारखी गाडी मागे घ्या, मिस्त्रींचा शब्द पडला की बाईंचा पाय हललेला असतो. मी उगाच कानामागे केस सारले.

एक गोष्ट मात्र खटकली. दुपारच्या सरावात मिस्त्री मला अरे-तुरे करायला लागले. येऊ दे, येऊ दे. आणि बस म्हणालेच नाहीत. चाक कठड्याला घासलं तेव्हा मी थांबले. चहाच्या वेळी त्यांना थोडं सुनावलं, की मी तुमच्या आईच्या वयाची नसले तरी मावशीच्या वयाची नक्की आहे. त्यांना काही कळेना. म्हणाले, बाई, दुपारी मी मागे नव्हतोच, पाण्याचा नळ बंद करायला गेलो होतो. तुम्ही एकट्याच गाडी मागे का घेतलीत, असं उलट मलाच विचारलं.

वयानुसार कान वाजतात म्हणतात. वाजत असतील.

१० नोव्हेंबर

कान वाजत नाहीत. आजही तेच झालं. मिस्त्रींचा आवाज घोगरा आहे. हा बारीक आहे, लाडीगोडीचा, लहान मुलाला चालायला शिकवताना काढावा तसा. येऊ दे. येऊ दे.

मिस्त्रींना गाठून विचारलं. आधी टाळलं. मग हातातला पाना पुसत पुसत म्हणाले, की त्यांच्या आधी मागे उभं राहायला एक जण होता. सगळ्यांना अरे-तुरे करायचा, मोठ्या साहेबालासुद्धा. माणूस वाईट नव्हता, जिभेलाच तेवढं वळण नव्हतं. एका शिकाऊ माणसाला तो ओट्यापाशी उभा राहून येऊ दे, येऊ दे करत होता. शिकाऊ माणसाचा पाय घाईचा. ह्याचं बस घशातच राहिलं, गाडी आणि ओट्याच्या मध्ये.

मग मिस्त्री म्हणाले, तुम्हाला ऐकू येत असेल तर मागे बघू नका, बाई. मी विचारलं, मग काय करू. ते पाना घेऊन गाडीखाली शिरले.

११ नोव्हेंबर

ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं. हे हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, परीक्षा जवळ आली की तुझ्या मुलींनासुद्धा असंच व्हायचं, तूच सांगायचीस. म्हणाले, मी येऊ का. मी नको म्हटलं. चार-चारदा नको म्हटलं, येऊ नका, मैदानात तर पाऊलही टाकू नका. माझा आवाज फारच चढला असावा, कारण नर्सबाई खोलीतून उठून बाहेर गेल्या.

मला भीती कशाची वाटते ते स्पष्ट लिहून ठेवते. मला त्या आवाजाची भीती नाही. मला माझ्या पायाची भीती वाटते. तो आवाज येतो आणि माझा पाय त्याचं ऐकतो.

१२ नोव्हेंबर

आज मिस्त्री वाचले.

ते मागे उभे होते. बस म्हणाले. मी स्वतः ऐकलं, दोनदा ऐकलं. पण त्याच्यावरून तो दुसरा आवाज, येऊ दे, येऊ दे, आणि माझा पाय ब्रेकवर जाईना. पाय माझाच, मी वरून बघतेय त्याच्याकडे, त्याला सांगतेय, दाब रे बाबा दाब. शेजारी नर्सबाई बसल्या होत्या. त्यांनी हँडब्रेक ओढला. मिस्त्री ओट्यावर उडी मारून चढले म्हणून.

उस्ताद म्हणाले, पायांचा गोंधळ झाला, होतो नव्या माणसाचा. मी मिस्त्रींची माफी मागायला गेले तर ते दोन पावलं मागे सरकले. एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

बॅग भरली. ऑफिसात सांगितलं, मला नाही जमत, मी जाते. ट्रक नको, काही नको. फाटकापर्यंत आले. रस्ता दिसत होता, त्यावर रिक्षा उभी होती, रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

मागून आला. येऊ दे.

बॅग हातात तशीच. मी उलटी चालत आले. फाटक लांब जाताना दिसत होतं. सगळं मैदान उलटं ओलांडलं. कुणीतरी हसलं, त्यांना गंमत वाटली. मी ओरडतही होते बहुतेक. उताराच्या काठाशी नर्सबाईंनी कमरेला मिठी मारून अडवलं. त्या आता माझ्याशी दवाखान्यातल्या आवाजात बोलतात. हळू, गोड, सावकाश.

त्यांना म्हटलं, असं बोलू नका हो माझ्याशी.

१४ नोव्हेंबर

कानात कापूस घातला. उपयोग नाही. तो कानातून येत नाही.

लिहिताना थोडं बरं असतं. हात लिहिण्यात गुंतला की दुसरीकडे जात नाही. म्हणून लिहितेय. काय लिहू. खाट. कपाट. खिडकी. माझी पाठ भिंतीला टेकलीय. मी खुर्चीत बसले होते, भिंतीपाशी कधी आले —

नर्सबाईंनी ह्यांना फोन केला. माझ्या भल्यासाठी म्हणे. मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले, की येऊ देऊ नका ह्यांना. येऊ देऊ — मी तेच शब्द —

१५ नोव्हेंबर

हे आले. पहिल्या बसनं. इस्त्रीचा शर्ट. मला बघून डोळे भरले त्यांचे, तरी हसत होते.

उस्तादांचं म्हणणं, भीती बसली की एकदा गाडी चालवूनच ती जाते. मिस्त्रींनी मागे उभं राहायला साफ नकार दिला. मग हे म्हणाले, मी उभा राहतो. माझ्या अंगावर नाही घालणार ती.

मी नको नको म्हणत होते आणि पाय पायऱ्या चढत होते.

केबिनमध्ये आहे. चावी काढून खिडकीबाहेर फेकली. इंजिन बंद. पण गाडी उतारावर, आणि हे खाली, ओट्याला पाठ लावून, मधोमध.

डाव्या हातात वही. उजव्यात पेन. दोन्ही हात गुंतलेत, तोवर हँडब्रेक ओढलेला राहील. दार उघडायला हात सोडावा लागेल. सुटलेला हात दाराकडे जाणार नाही. मला माहीत आहे कुठे जाईल.

ओरडले. बाजूला व्हा, अहो बाजूला व्हा — ह्यांना वाटलं घाबरले. धीर द्यायला आणखी जवळ आले. आता आरशात नुसता हात दिसतो. हलवतायत —

उस्ताद गवतात चावी शोधतायत. चावी नको, त्यांना ओढा, कुणीतरी ह्यांना —

आला. गोड बोलतोय. घाई नाही त्याला.

वही मांडीवर आहे. डावा हात वहीवर नाही.

बघणार नाही कुठे आहे. लिहायचं. तो म्हणत नाही ना, मी लिहिते. बस. बस. बस. ब

गाडी हल

हे ओरडतायत बस, बस गं, बस म्ह येऊ दे येऊ दे ये